मुक्याचा फोन

आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, सांभाळून घ्या. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — मुलीलाही नाही, आमचे हे होते तेव्हा त्यांनाही नाही.

वाशी नवीन वसत होती. तिथल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी झाडलोट करायची. दारात नाण्याचा फोन होता. तो कसा चालायचा आठवतं ना? नंबर फिरवायचा. पलीकडच्याने उचलला की त्याचा आवाज आपल्याला येतो, पण आठ आणे टाकेपर्यंत आपला त्याला जात नाही. मग — नुसतं ऐकायचंच असेल तर आठ आणे टाकायचे कशाला?

मुलगी कोपरखैरणे गावात दिलेली. जावयाचं किराणा दुकान, दुकानात फोन. दुपारी तो जेवायला बसला की फोन उचलायची माझी नात सोनी, तीन वर्षांची. "कोन हाय?" विचारायची. उत्तर नाही आलं तरी हिचं चालूच — मांजरीने काय सांडलं, आई कोणावर रागावली. मला तसंही फोनवर बोलायची लाज वाटायची. मी तोंडात पदर धरून हसायची. तो कशाला धरायचा, कोणाला ऐकू जाणार होतं?

जावयाने तक्रार दिली — फोन वाजतो, पण पलीकडून आवाज येत नाही. ती आली आमच्या तांबे मेकॅनिककडे. तरुण पोरगा, मला मावशी म्हणायचा. त्याने दुकानातला रिसीव्हर बदलला, वायर बदलली. एक्सचेंजमध्ये शिडीवर चढून त्या नंबरचे सगळे कॉन्टॅक्ट ब्रशने पुसले. स्वतः फोन लावला की दोन्हीकडचा आवाज लख्ख. दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार. शिडीवरून मला म्हणाला, "आवाज जातो, येताना कुठेतरी अडकतो. एका बाजूने मुकी झालीय ही लाइन, मावशी."

मुकी कोण, ते खाली झाडू घेऊन उभं होतं. बोलले का मी? नाही.

वरच्या साहेबांनी सांगितलं, तक्रार मिटल्याशिवाय रजा नाही. आणि तांबेच्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर. तेव्हा तरी सांगायला हवं होतं — पण त्याच दुपारी एक झालं. जावई वैतागून म्हणायचा, "आला परत मुक्याचा फोन." सोनीला मुका एकच ठाऊक. तिने रिसीव्हरला ओठ लावले आणि मोठ्ठा मुका दिला. थेट माझ्या कानात.

त्यानंतर आणखी दोन दुपारी मी फोन लावला. रजेचं माहीत असून. मुक्यासाठी.

तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी हळद होती, आणि हा हेडफोन लावून तीच लाइन तपासत बसलेला. डबासुद्धा उघडला नव्हता. माझा हात नंबरावर गेलाच नाही. संध्याकाळी साहेबांना दया आली, त्याला सोडलं. अक्षतांना पोचला, हळद हुकली.

परत आला तर तक्रार बंद. लग्नाचे लाडू वाटत म्हणाला, "शेवटी ब्रशनेच काम केलं, मावशी." सगळ्यांत मोठा लाडू माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. छान होता. हाच माझा गुन्हा, लाडवासकट. ती हळद मला परत करता येत नाही.

पैसे मात्र परत करता येत होते. सव्वीस वेळा फुकट ऐकलं होतं, एकही दुपार विसरले नव्हते. पगाराला आठ आण्यांची सत्तावीस नाणी घेतली — सव्वीस मागची, एक त्या दिवशीच्या बोलण्याचं. नंबर फिरवला, पहिलं नाणं टाकलं.

"सोने, मी आजी."

मग ती आत ओरडली, "आये, मुका आजी हाय!"

मी हसत एकेक नाणं टाकत गेले. आत खळ्ळ वाजलं की ती पलीकडे खिदळायची, आणि म्हणायची, अजून. मागे दोन माणसं फोनसाठी ताटकळत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कोणाची लाज वाटली नाही. सत्ताविसावं आत पडलं. सगळे फिटले.