उसन्या कोटातले सरदार

माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं शिवणयंत्रावर झालं. तरी सिंगापूरला मुलाकडे राहत होतो तेव्हा नातीच्या अभ्यासात मी एकदा तोंड घातलं आणि चार दिवस जीव टांगणीला लागला.

तिला इंग्रज सरदारांच्या जुन्या तैलचित्रांवर वर्गात बोलायचं होतं. चित्रातल्या कुठल्या वस्तूवरून माणसाचा मोठेपणा कळतो, ते सांगायचं. चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिने जेवणाच्या टेबलावर रंगीत प्रिंटआउट पसरले. मागे दगडी खांब, लाल पडदा, लांबवर स्वतःची जमीन, पायाशी शिकारी कुत्रा, हातात नुसतेच धरलेले हातमोजे. तिने सगळं लिहून काढलं होतं. मी कपडे बघत होतो. मला दुसरं काय दिसणार?

दोन चित्रं मी शेजारी शेजारी ठेवली. एक माणूस जाड, एक काटकुळा. कोट मात्र तोच. मखमल तीच, डाव्या कोपराशी पडलेल्या तीन चुण्याही त्याच. असली दोन अंगं एकाच जागी कोट चुरगळत नाहीत. मी म्हणालो, "हा कोट यांचा नाही. चित्रकाराचा आहे."

ती हसायला लागली. मग मी तिला सांगितलं, की गावाकडच्या फोटो स्टुडिओला मी असाच एक कोट शिवून दिला होता. पाठ नव्हतीच त्याला, मागे नुसत्या नाड्या. पैलवान येवो नाहीतर मास्तर, पुढून सगळ्यांना अंगासरशी बसायचा. त्या एका कोटावर आमच्याकडे कितीतरी सोयरिकी जुळल्या. तिने हे जसंच्या तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी मुलाने ते वाचलं. तो बँकेत आहे. त्याने आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, बाबा, हे लोक गावंच्या गावं बाळगून होते, त्यांना उसना कोट कशाला लागेल? वर्ग हसला तर पोरगी वर्षभर विसरायची नाही.

"तू त्यांची गावं बघ," मी म्हणालो. "मी कोट बघितलाय."

त्याने नातीला ते खोडायला सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा शुअर आहेत, लाह." तिकडची पोरं बोलण्याच्या शेवटी असं 'लाह' लावतात.

शुअर मी होतोच. पण दुसऱ्या दिवशी वाटायला लागलं, ते दोघे भाऊ असले तर? रंगवणाऱ्याचा हातच तसा असला तर? तरी मागे घे म्हणायला जीभ रेटेना. लोक मला हसले तर मी बघून घेईन. पण तिला हसले, तर ती पुन्हा माझ्याकडे काही विचारायला येणार नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं.

तिच्या बोलण्याच्या दिवशी मी दुपारीच खाली बसस्टॉपवर जाऊन बसलो. चार बस गेल्या. पाचवीतून ती उतरली. चेहऱ्यावरून काही कळेना. शेवटी मीच विचारलं.

एक मुलगा हसला म्हणे. टीचरनीच त्याला थांबवलं. पुष्कळ चित्रकार माणसाला समोर बसवून त्याचं तोंड तेवढं रंगवायचे, असं त्यांनी वर्गाला सांगितलं. कपडे मागाहून, चित्रकाराकडच्या ठेवणीतले. कधी तर ते काम दुसऱ्याच कारागिराला द्यायचे. मग त्यांनी हिला विचारलं, हे तू कुठे वाचलंस?

"काय सांगितलंस?"

"वाचलं नाही म्हटलं. माय ग्रँडफादर इज अ टेलर. त्यांनी बघितलं."

मी पुन्हा बाकावर टेकलो. छाती मोकळी झाली. तिचं लक्ष नव्हतं. तिने दप्तरातून एका उमराव बाईचं चित्र काढून माझ्या मांडीवर ठेवलं. पुढच्या आठवड्यात हिच्यावर लिहायचंय, म्हणाली, हिची बाही बघा ना जरा.

मी म्हटलं, घरी चल आधी, चष्मा वर राहिलाय.