रोज नेसायची पोल्येरा

सेनोबियाबाईंनी एल आल्तो शहरातल्या कितीतरी मूळनिवासी बायकांना पोल्येरा, म्हणजे त्यांचे पिढीजात घेरदार घागरे, शिवून दिल्या, पण पोटच्या पोरीला तिच्या सहाव्या वर्षानंतर एकही दिली नाही.

बाई मापाला पक्क्या आणि तोंडाने फटकळ. आठ मीटर कापडाचा घेर, कमरेला बारीक चुण्या, खाली चार आडव्या दुमडी, यात तडजोड नाही. एखादी झग्यावाली, एरवी शहरी कपड्यांत वावरणारी, सणात नाचण्यापुरती पोल्येरा शिवायला आली, की तिला सरळ शेजारचं दुकान दाखवायच्या. जी दुसऱ्या दिवशी उतरवायची ती पोल्येरा नव्हे, सोंग, असं त्यांचं म्हणणं. आडमुठेपणाच तो. पण त्या पोल्येरापायी त्यांनी काय कमी सोसलं होतं?

चौदाव्या वर्षी त्या शेजारच्या ला पास शहरात घरकामाला लागल्या. पाहुणे आले की मालकीण म्हणायची, "त्या पोल्येरावालीला आत बसव." बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहायची. तरी त्यांनी पोल्येरा सोडली नाही. लेकीच्या बाबतीत मात्र त्या कचरल्या. नेलिदा सहा वर्षांची झाली, शाळेत जायची वेळ आली, तेव्हा तिची छोटी पोल्येरा त्यांनीच कापली आणि त्या कापडाची पँट शिवली. "पोरीला मडमीण करतेय," असं गल्ली म्हणाली, तेही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं.

नेलिदा शिकली, वकील झाली. शपथविधीला बारा दिवस उरले असताना ती मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"आई, मला पोल्येरा शिव ना."

"कशाला? फोटोला?" बाईंनी मान वर केली नाही. "शुक्रवारी मिरवायचं आणि सोमवारी पुन्हा पँट चढवायची. असली सोंगं मी शिवत नाही, माहितेय ना तुला?"

"मी कुठे उतरवली होती गं? तूच कापलीस."

मशीन थांबलं.

"तुला कोणी हसू नये म्हणून कापली, पोरी."

"ठाऊक आहे मला."

"कोर्टातही हसतील. दारावरचा शिपाई विचारेल, बटाटे विकायला आलीस का म्हणून."

"विचारू दे. ओळखपत्र धरीन त्याच्या नाकासमोर."

बाईंना राग आला नव्हता, भीती वाटत होती. स्वतःला हसणारे त्यांनी आयुष्यभर पचवले होते. लेकीला हसणारे पचवायची ताकद त्यांच्यात तेव्हाही नव्हती, आजही नव्हती. तरी त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"सरळ उभी राहा. आणि पोट आत ओढू नकोस, माप चुकतं." त्यांनी आकडा लिहून घेतला. "रंग कुठला?"

"एक निळी. दुसरी तू ठरव."

"दुसरी?"

"अगं, एक वाळत पडली तर कोर्टात काय नेसून जाऊ?"

माप घेऊन झालं होतं, तरी बाईंनी पुन्हा लेकीच्या कमरेला टेप लावली. डोळ्यांत पाणी तरारलं होतं, आकडा काही दिसेना.

"तूच वाच गं," त्या म्हणाल्या.