लवंगा भरून आलेलं जहाज

आज सदर बाजारात दुकानदारानं लवंगांचा डबा उघडला आणि मला प्रेमनगरच्या घरातली बाबांची खाट आठवली. मी तेव्हा नववीत होते. बाबा आता बरे होणार नाहीत, हे आई, बाबा आणि मी, तिघांनाही ठाऊक होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

त्या दुपारी मी त्यांना इतिहासाच्या पुस्तकातून वाचून दाखवत होते. पृथ्वीला पहिल्यांदा वळसा घालणाऱ्या स्पॅनिश जहाजांची हकिकत होती ती. झाशीत जन्म काढलेल्या बाबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, म्हणून तो मनात उभा करत ते डोळे मिटून ऐकत होते. दूरच्या एका बेटावर कप्तान मारला जातो, तिथं मी पटकन पान उलटलं. मी घाईनं म्हटलं, "मग कप्तान घरी परतला."

"तसं नाही झालं, बेटा," बाबा हळूच म्हणाले. "तो वाटेतच गेला. पण मागे राहिलेल्यांनी जहाज घरी आणलं. लवंगा भरून आणलं."

दारात आई लवंगेचा काढा घेऊन उभी होती. बोलताना बाबांची नजर तिच्यावर होती. ते का, हे कळायला माझे केस पिकावे लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा गेले.

त्या दुपारी मात्र आई आत येऊन त्यांच्या पायाशी बसली. पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "वाच ना गं पुढं. कसं आणलं त्यांनी?"