चुन्याच्या खुणेवरची रांगोळी

जूचंद्रच्या टेकडीत युरेनियमची खाण व्हावी की नाही, यावर गाव भांडत होतं. मी त्याच तपासणीचं भोक पाडायला आलो होतो, पण गावात ‘पाणी शोधतोय’ अशी थाप मारली होती.

विहिरीशेजारी भोकाच्या जागी मी केलेल्या चुन्याच्या खुणेवर एक म्हातारी रोज सकाळी रांगोळी काढून बसायची. कमळ, मोर, एकदा चक्क कोळंबी! रांगोळीवर पाय द्यायला आमचा एकही माणूस धजेना.

“द्या की पाय, साहेब! मी कुठं अडवलंय?” ती बोळकं पसरून हसायची.

चौथ्या दिवशी मला राहवेना. “आजी, पाणी नाही, युरेनियम शोधतोय.”

“ठाव हाय रं. पानी त माझ्या विहिरीतच हाय!” तिने निळ्या रंगाची पुडी माझ्या हातात दिली. “खरं बोललास, आता मोराची मान तू भर.”

त्याच निळ्या बोटांचा हात वर करून संध्याकाळी मी गावसभेत खरं सांगितलं.