चारी ऋतूंत पाहिलेलं स्थळ

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं लोक म्हणतात. माझ्या आत्याला ही म्हण मुळीच मान्य नव्हती. "करून काय पाहायचं? मंग पाहून उपेग काय?" असं ती विचारायची, आणि माझ्या लग्नाच्या वेळी तिने सगळ्या शेवगावात हसं करून घेतलं. मुलाचं गाव चारी ऋतूंत पाहीन, मगच पोर देईन, असं तिने वडिलांना बजावलं.

या हट्टाला कारण होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं स्थळ आम्ही दिवाळीत पाहिलं होतं. दारातली विहीर काठोकाठ भरलेली, वडील खूश होऊन परतले. वैशाखात तीच विहीर आटली आणि ताई गावाबाहेरच्या बारवेवर पाण्याला जाऊ लागली. पोटुशी असताना भरल्या हंड्यासकट ती पायऱ्यांवरून घसरली. मूल गेलं, पुढे दुसरं झालंच नाही. आत्या विधवा होऊन आमच्या घरी परत आलेली, आणि ताईला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेलं. त्या दिवसापासून आमच्या घरात मुलाचा पगार, पत्रिका, रूप सगळं मागे पडलं. पाणी आहे का, एवढंच आत्या विचारी.

मला सांगून आलेला मुलगा राजूरच्या पुढचा, डोंगरातल्या एका बाजाराच्या गावचा. आमच्यासारखंच शिंप्याचं घर. "तिकडं चार महिने पाऊस थांबत न्हाई म्हनं," वडील म्हणाले आणि आत्याने कान टवकारले. पण दुधाने तोंड पोळलेलं, ती ताकही फुंकूनच पिणार. अडचण एकच होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणसाची आकृती तेवढी कळे, चेहरा नाही. म्हणून डोळ्यांच्या कामाला तिने मला बरोबर घेतलं. लग्नाच्या मुलीने स्वतःच स्थळ पाहायला जायचं, हे तेव्हा कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. कुणी विचारलं तर आत्या म्हणे, "ही माझी काठी हाय. काठीला काय लाज?"

मला काय, गाव सोडून कुठे जायला मिळतंय याचाच आनंद. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत आणि चढ आला की उतारूंना उतरून ढकलावं लागे. राजूरच्या अलीकडच्या अकोले गावापासून पुढे बैलगाडी.

पहिल्यांदा गेलो ते श्रावणात. "काय दिसतंय गं?" आत्याने गाडीतून विचारलं.

"काहीच नाही."

"नीट बघ की."

"नीटच बघतेय. सगळं पांढरं आहे. बैलांची शिंगं दिसतात, पुढचं काही नाही."

त्या घरात मी हात लावून लावून सगळं पाहिलं. पश्चिमेची भिंत बाहेरून गवताच्या ताट्यांनी झाकलेली, पावसाने भिंत विरघळू नये म्हणून. भरदिवसा दिवा लावलेला. चुलीवर मोठी टोपली उपडी आणि तिच्यावर धुतलेले कपडे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास. काड्यापेटी चुलीजवळच्या कोनाड्यात जपून ठेवलेली. मिठाच्या बरणीत तर नुसतं पाणीच होतं. मुलाच्या आईला मी इतके प्रश्न विचारले, की ती हसून म्हणाली, "आक्का, तुमची काठी लई बोलती."

मुलगा ओसरीवर शिवणयंत्रावर बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

"काय दिसतंय?" आत्या कुजबुजली.

"पाठ."

"कशी हाय?"

"सरळ आहे."

आत्याने वळचणीखाली ओंजळ धरली. ती भरली तशी प्यायली, पुन्हा भरली, पुन्हा प्यायली. आमच्याकडे तोंड धुतलेलं पाणी परसातल्या भाजीला घालत. इथे वाटेवरून, शेतातून, छपरावरून ते नुसतं वाहून चाललं होतं. मला तर ते पाहून राग आला, इतका माज कशाला, असं वाटलं. वडील असते तर तिथेच सुपारी फोडून मोकळे झाले असते. पण आत्या म्हणाली, "येक ऋतू झाला."

पौषात गेलो तेव्हा धुकं उडालं होतं आणि घरामागे एवढा मोठा डोंगर निघाला! श्रावणात चार दिवस राहूनही मला त्याचा पत्ता नव्हता. घराजवळच्या ओढ्याला पाणी होतं. आत्या त्यात उभी राहिली, पाय बधिर होईपर्यंत. या खेपेला मुलाचा फक्त मफलर दिसला. आत तोंड असावं.

शिमग्यानंतरच्या खेपेला डोंगर भाजल्यासारखा काळा होता, भाताच्या रोपांसाठी लोकांनी वावरात पालापाचोळा जाळलेला. कापडाचं रेशनिंग, त्यामुळे मुलगा जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गावच्या जत्रेत नाचणाऱ्या सोंगांचे अंगरखे शिवत होता. त्याचे हात मी पुष्कळ वेळ पाहिले. सुई थांबत नव्हती. इतकं निळं, पिवळं, तांबडं एकत्र करून ते वाईट दिसत नव्हतं, याचं मला नवल वाटलं. खरं सांगायचं तर तोवर मला ते गाव आवडू लागलं होतं आणि त्याचीच धास्ती वाटत होती. ओढ्यात नुसती डबकी उरली होती. मी ते आत्याला सांगितलं.

वैशाखात गाडीतून उतरताच तिने विचारलं, "ओढा?"

"दगड आहेत," मी म्हणाले.

ती मटकन ओसरीवर बसली. मुलाच्या आईने पुढे ठेवलेल्या तांब्याला तिने हात लावला नाही. "तुमी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"तुमी इचारलं न्हाई, आक्का. आभाळ फाटल्यागत पडतं आमच्याकडं, पन डोंगर त्ये धरून ठेवत न्हाई. सगळं खाली तुमच्याकडं जातं. आता दरीतला झरा ऱ्हायलाय, करवंटीनं भरावं लागतं."

"ऊठ गं," आत्या मला म्हणाली. "पुन्यांदा न्हाई. येकीचं झालं तेवढं पुरं."

मी उठले. रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून दरीकडे पाहत राहिले. खालून कुणीतरी चढून येत होतं, खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना हेलकावणारे डबे. आत्यालाही आकृती कळली.

"कुनाची सून गं ती? बघ बिचारी कशी वाकलीय."

"सून नाही आत्या," मी म्हणाले. "तेच आहेत."

"बापई मानूस पानी भरतंय?"

मुलाच्या आईने डावा हात पुढे करून आत्याच्या हातात दिला. मनगट वाकडं जुळलेलं होतं. "मी त्या दरीत पडले हुते, लई वर्सं झाली. तवापास्नं ह्या घरातली बाई झऱ्यावर जात न्हाई. आधी ह्याचा बाप जायचा, आता ह्यो जातो."

"लोकं हसत न्हाईत?"

"हसत्यात की. हसून तहान भागती व्हय?"

तो वर आला, कावड उतरवली आणि आम्हाला पाहून बावरला. एका डब्यातलं थोडं पाणी हिंदकळलं. अख्ख्या वर्षात मी त्याचा चेहरा पहिल्यांदाच समोरून पाहिला.

"हिकडं ये बाबा," आत्या म्हणाली. तो जवळ आला तशी तिने सदऱ्यावरून त्याचा खांदा चाचपला. बाजारात बैल पाहतात तसं ती दाबून पाहत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानेच्या जरा खाली तिचा हात थांबला. तिथे घट्टा होता. दुसरा खांदा पाहिला, तिथेही होता.

"आजचं सोंग न्हाई हे," ती पुटपुटली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "माझ्या थोरलीला असा येक खांदा भेटला असता..."

तिला धीर द्यावा म्हणून मी सवयीने सांगू लागले, "आत्या, त्यांचं नाक, डोळे..."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. हात अजून त्याच्या खांद्यावरच होता. "आता तू नको सांगू. मला दिसलं."