खालांची धूपदाणी

खाला, आमच्या शेजारच्या मावशी, पाहुण्यांना धुरानं उठवायच्या. जेद्दातली रीतच आहे ती. खाणं-कहवा झाला की सुगंधी लाकूड निखाऱ्यावर टाकून सगळ्यांपुढे फिरवतात. धूर घ्यायचा आणि निघायचं. खालांना तेवढाही धीर नसे. कंटाळवाणा पाहुणा असला तर त्याचा कप रिकामा व्हायच्या आत धूपदाणी हजर.

धूपदाणी मात्र बघण्यासारखी होती. चिनी, जुनी, हिरव्या जेड दगडात कोरलेली. तीन पाय, पोटावर डोळे वटारलेले प्राणी, झाकणावर सिंह. खालांच्या नवऱ्याला, खालूंना, त्यांच्या कफीलनं म्हणजे अरब मालकानं घर बदलताना ती देऊन टाकली होती. माझ्या नवऱ्यानं इंटरनेटवर शोधलं आणि मी खालांना जाऊन सांगितलं, "फार पूर्वी चीनमध्ये काशाची पूजेची भांडी असत, त्यांच्यावरून ही दगडात केलीय. यात निखारा घालू नका, तडकेल."

"म्हणजे नक्कलच ना?" खाला म्हणाल्या. "माझं हे घर पण रत्नागिरीच्या घराची नक्कलच आहे. म्हणून काय राहायचं नाही त्यात?"

त्या तळाशी राख पसरून निखारा ठेवत राहिल्या. एका पायाशी बारीक तडा गेला, तरीही.

अल अझीझिया वस्तीत आम्ही वरच्या मजल्यावर, त्या तळमजल्यावर. बँकेतून परतताना जिना चढायचं जिवावर येई. त्यांचं दार उघडं असायचं. "बस गो." चहा यायचा. प्रश्न एकही नाही. वर मुलाचा अभ्यास, स्वयंपाक, उद्याचे डबे. इथे कुणाला माझ्याकडून काही नको असायचं. माझ्यापुढे धूपदाणी कधीच आली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "धूर पाहुण्याला. तू पाहुणी कुठं, तू दमलेली."

मग खालूंची नोकरी संपली. इकाम्याची, राहण्याच्या परवान्याची, मुदतही संपत आली. "गावात आता माझं कोण आहे?" खाला एकदाच म्हणाल्या आणि सामान बांधायला लागल्या.

शेवटच्या संध्याकाळी घरात एक सतरंजी उरली होती. खालू बाहेर गाडीत बॅगा भरत होते. खालांनी निखारा फुलवला, तशी मी पर्स उचलली. आज माझी पाळी, असं वाटलं.

"तू बस," त्या म्हणाल्या.

धूपदाणी त्यांनी स्वतःपुढे ओढली. ओढणीत धूर घेतला, मग केसांत. निखारा विझेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो.

"खूप वर्षं बसलो या लोकांच्या देशात," खाला म्हणाल्या आणि माझ्यापुढे हात केला. "गुडघे धरलेत. उठव मला."