पाठीवर छापलेलं वाक्य

माझा दादा सायकली दुरुस्त करतो आणि वर्षातून एकदा स्वतःचं वाटोळं करून घेतो. दुकानाची बिलं मी लिहिते, त्यामुळे पहिलं काम मी रोज बघते. दुसरं दहा वर्षं चाललं होतं, मला अकराव्या वर्षी कळलं.

हे दुसरं काम म्हणजे सायकल फेरी. वहिनी सहा वर्षं डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीन दिवस दादा तिला चौकापलीकडच्या दवाखान्यात न्यायचा आणि बाहेरच्या बाकावर कुणाच्या तरी वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करत बसायचा. एकदा तिथे कळलं, की रुग्णांसाठी गोळा केलेल्या एका निधीतले निम्मे पैसे सत्कारात आणि जेवणावळीत गेले. वहिनी तशी शांत बाई. पण त्या दिवशी सुई टोचलेल्या हाताने दादाचा शर्ट धरून म्हणाली, "माझ्या नावानं कधी काही केलंत, तर त्यातला एक पैसाही दुसऱ्या कुणाकडे जाता कामा नये."

ती गेल्यावर वर्षभरात पहिली फेरी निघाली. अकरा सायकली होत्या, पाणी ज्याचं त्यानं घरून आणलेलं. खर्च शून्य. दादा खुर्चीवर चढून म्हणाला, "शंभरातले शंभर दवाखान्याला." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या वर्षी टीशर्ट निघाले, तेव्हा ते वाक्य पाठीवर छापलं गेलं. तिथे चुकलं. अकरा माणसांसमोर बोललेलं वाक्य त्याने शेकडो माणसांच्या पाठीवर छापलं आणि मग ते त्याला खोडता येईना.

यंदा तीनशे बारा जणांनी प्रत्येकी सहाशे भरले. पैसे दुकानातच रोख घेतले आणि स्टीलच्या पेटीत ठेवले, किल्ली माझ्याकडे. एक लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे. मी तीन वेळा मोजले, कारण लोक माझ्यावर विश्वास ठेवतात आणि माझा स्वतःवर नाही. खर्चाचं मी विचारलं, की दादा म्हणायचा, "टायरवाला देतो." टायरचा एक मोठा व्यापारी काहीतरी द्यायचा हे खरं होतं. किती द्यायचा, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी व्हॉल्वचा डबा शोधत मी दादाचा खण उपसला आणि इसारपावती हाताला लागली. शेजारच्या फर्निचरवाल्याला दुकान विकलेलं. इसार एक लाख तीस हजार, मिळालेला. रविवारी दुपारी बारापर्यंत इसार परत केला तर सौदा रद्द, नंतर नाही. खाली दादाची सही, तीही नीट, वळणदार.

दादा बाहेर चेन घालत होता. मी पावती त्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"टायरवाल्यानं हात वर केले," तो म्हणाला. "सगळ्या ऑर्डरी देऊन झाल्या होत्या. त्या इसारातूनच भागवलं, वरचे बाराशे गल्ल्यातून उसने घेतले."

"आणि याआधी?"

त्याने चेन खाली ठेवली. मग एकेक बाहेर आलं. व्यापारी द्यायचा निम्मं, कधी त्याहून कमी. वरचं दादा भरायचा. वहिनीच्या बांगड्या, त्याची विम्याची पॉलिसी, मागच्या गल्लीतली खोली. ती खोली त्याने "भाडेकरू कटकट करतो" म्हणून विकली होती आणि मी त्या भाडेकरूला वर्षभर शिव्या घातल्या होत्या.

"सायकली चालवण्यासाठी सायकलचं दुकान विकतोस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तिला शब्द दिलाय, छोटी."

"तिनं जेवणावळीबद्दल सांगितलं होतं. ॲम्ब्युलन्सबद्दल नाही."

तो उठून आत गेला. तीन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. या दुकानावर दोघांचं पोट आहे, हे मी त्याला ऐकवलं नाही. त्याला ते माहीत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

शनिवारी मी सगळी बिलं एका कागदावर उतरवली. विमा बावीस हजार, दोन ॲम्ब्युलन्स चौदा, टीशर्ट सेहेचाळीस हजार आठशे, रस्ता अडवण्याची परवानगी नऊ, फिरती शौचालयं बारा, पाणी आणि केळी सोळा हजार चारशे, माइक-मांडव अकरा. एक लाख एकतीस हजार दोनशे. म्हणजे खर्च वजा जाता दवाखान्याला छप्पन हजार. सहाशेतले जेमतेम एकशे ऐंशी.

रविवारी फेरी सुखरूप परतली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मैदानात घामाचा आणि केळ्यांचा वास, जिकडे बघावं तिकडे पाठी, आणि प्रत्येक पाठीवर ते वाक्य. पेटी माझ्या मांडीवर होती. खरं सांगते, गुपचूप एक लाख तीस हजार काढून पळत सुटावं असं मला वाटलं. कुणाला कळलं असतं? पण मग दादाने माझं तोंड पाहिलं नसतं.

तो मंचाकडे निघाला तेव्हा मी कागद त्याच्या हातात कोंबला. "वाच. नाहीतर बारा वाजता खरेदीखतावर सही कर आणि मला दुसरीकडे काम बघून दे."

त्याने टीशर्ट उलटा घातला होता. शिवण बाहेर, लेबल मानेवर. मी कपाळावर हात मारला. ताणामुळे माणसाला कपड्याचीही शुद्ध नाही, असं मला वाटलं. तो मंचावर चढून माइक घ्यायला वळला, पाठ लोकांकडे झाली, आणि ती कोरी पाठ बघून मला कळलं. त्याचं आधीच ठरलं होतं.

त्याने कागद वाचला. विमा. ॲम्ब्युलन्स. आवाज सपाट. शौचालयांवर कुणीतरी हसलं. शेवटी तो म्हणाला, "यंदा हा खर्च तुमच्या पैशातून जाणार. दवाखान्याला छप्पन हजार."

महागड्या सायकलवाला एक गृहस्थ उभा राहिला. "म्हणजे आमच्या पाठीवर छापलंय ते खोटं?"

"हो," दादा म्हणाला. "यंदा खोटं आहे."

"मग आधीची दहा वर्षं?"

मी ताडकन उठले. बांगड्या, पॉलिसी, खोली, सगळं जिभेवर होतं. दादाने हात नुसता खाली केला, कुत्र्याला बस म्हणतात तसा, आणि मी बसले. अजून चिडते त्यावर.

"ज्यांना पैसे परत हवेत, त्यांनी माझ्या बहिणीकडे यावं," तो म्हणाला.

साडेअकरा. रांग लागली. प्रत्येकाबरोबर दवाखान्याचे सहाशे जात होते. अकरा जण आले. बाराव्या बाई रांगेतून पुढे आल्या, पेटीत डोकावल्या, पैशांऐवजी पाण्याची बाटली घेतली आणि निघून गेल्या. मग कुणी आलं नाही.

बाराला चौदा मिनिटं असताना मी नोटा पिशवीत भरल्या आणि दिसेल ती सायकल उचलली. सीट उंच होती, पाय पुरत नव्हते. फर्निचरवाला आमच्याच शटरसमोर खुर्ची टाकून बसला होता, हातात माप घ्यायची टेप. त्याने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. आपल्या दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पावती फाडून दोन्ही तुकडे मला दिले.

परत आले तर मैदान रिकामं झालं होतं. दवाखान्याच्या सिस्टर पावतीपुस्तक उघडून दादासमोर बसल्या होत्या. एकोणपन्नास हजार चारशे.

"नाव नेहमीचंच ना?" त्यांनी विचारलं. दहा वर्षं पावती वहिनीच्या नावाने होत आली होती.

"यंदा तिचं घालू नका," दादा म्हणाला. "दिलेला शब्द पाळला नाही मी."

सिस्टरनी पेन थांबवलं. खर्चाचा कागद टेबलावरच होता. मी तो उचलून पावतीपुस्तकाशेजारी ठेवला.

"तिचंच घाला," मी म्हणाले. "आणि हा कागद पावतीला टाचा. काय लागतं ते तिलाही कळू दे."

सिस्टरनी दादाकडे पाहिलं. त्याने उलट्या टीशर्टच्या बाहीने डोळे पुसले. नको मात्र म्हणाला नाही.